सगुण फिटरचा तांगो

आठवड्याच्या बाजारादिवशी देवकी आमोण्याहून भाजीची टोपली घेऊन यायची आणि डिचोलीच्या बाजारात सगुणच्या गॅरेजकडे पाठ करून बसायची. मध्ये अंतर चाळीस पावलांचं. बाकीच्या बायका सावलीकडे तोंड करत, ही उन्हाकडे. भोपळ्याची फुलं तिच्याआधी कोमेजायची, पण ती हलायची नाही. का, ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. गॅरेज तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं, आणि त्या भावाने आपल्या नवऱ्याचा जीव घेतला असं ती चार वर्षं धरून बसली होती.

सगुण ती पाठ बघत नट आवळायचा. इतका जोर लावायचा की गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, सांभाळा, आटे जातील. बहिणीवर त्याचा राग नव्हता. राग होता कृष्णनाथवर, आणि तो येऊन जाणारा राग नव्हता. तो सकाळी त्याच्याबरोबर उठायचा, दुपारी त्याच्याबरोबर जेवायला बसायचा. देवापुढे हात जोडले की माणसं मुलाबाळांचं सुख मागतात. सगुण म्हणायचा, देवा, त्या माणसाला एकदा माझ्या गॅरेजात आण, बाकीचं माझं मी बघतो.

हे वैर समजायचं तर आधी तांग्याचं समजून घेतलं पाहिजे. पोर्तुगीज होते तोवर गोव्यात परदेशी गाड्यांना तोटा नव्हता. कुठकुठली गाडी बोटीने मुरगावला उतरायची आणि तिच्यामागून तिचे सुटे भाग. गोवा सुटला, आनंदीआनंद झाला, आणि बोटीतून येणारा माल थांबला. झेंडा बदलला म्हणून गाडी काही झिजायची थांबत नाही. खाणीवरचे ट्रक खनिजाचे दगड भरून दिवसभर आमोण्याच्या धक्क्यावर, नदीतून माल नेणाऱ्या बार्जींपर्यंत पळत होते, तांबड्या धुळीने त्यांचे सांधे वर्षभरात खलास होत होते, आणि नवा सांधा मागवायचा म्हटलं की अर्ज, लायसन आणि वाट बघणं. मग डिचोलीच्या फिटरांनी डोकी चालवली. जुन्या टायरच्या रबराचे बुश कापले, बार्जीच्या मोडक्या गनमेटलमधून वाट्या कातून काढल्या. या कामात सगुणचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःही लोकांना सांगत असे.

तांगो ही खास त्याची अक्कल. स्टिअरिंगच्या लांब दांड्याच्या टोकाला एक गोळा असतो, तो एका वाटीत फिरतो. ड्रायव्हर चाक फिरवतो, दांडा सरकतो, पुढची चाकं वळतात. वाटी झिजली की गोळा खुळखुळतो आणि गाडी जरा विचार करून मग वळते. फारच झिजली तर गोळा वाटीतून निसटतो, आणि मग हातातलं चाक नुसतं शोभेला उरतं. सगुणच्या लक्षात आलं की पोर्तुगीजांचं एक तांग्याचं नाणं, ज्याला आता बाजारात कुणी मूठभर शेंगदाणे देईना, ते हातोड्याने ठोकून खोलगट केलं की बरोबर त्या वाटीच्या पाठीमागे बसतं. खुळखुळ बंद. पण नाणं शेवटी नाणंच. भाराखाली ते चिरतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तांगो घातला की तो मालकाला तीन गोष्टी बजावायचा: गाडी रिकामी चालवायची, भार घालायचा नाही, दहा दिवसांत परत आणायची.

कृष्णनाथलाही त्याने त्या सांगितल्या होत्या. कृष्णनाथचे सात ट्रक खाणीवर होते. त्याला सगळे मानाने बाब म्हणायचे. आपण कशाला म्हणायचं? त्यातला एक ट्रक देवकीचा नवरा बाबली चालवायचा. बाबली सावंतवाडीकडचा, कामासाठी खाणीवर आला आणि आमोण्याचा झाला. हसरा, बडबड्या माणूस, ट्रक धुताना भजन म्हणणारा. त्याच्या ट्रकचा गोळा खुळखुळायला लागला तेव्हा सगुण कृष्णनाथच्या अंगणात गेला, तांगो घातला, नवी वाटी कातायला घेतो म्हणाला आणि आपल्या तीन गोष्टी सांगितल्या. कृष्णनाथ पानाला चुना लावत होता. "बरां, बरां," म्हणाला.

दहा दिवस झाले, ट्रक आला नाही. वाटी तयार होऊन पडली होती. सगुणने कृष्णनाथला निरोप धाडला. 'ही बार्ज भरून जाऊ दे,' असं उत्तर आलं. पुन्हा निरोप धाडला. पुन्हा बार्ज. बाविसाव्या दिवशी ट्रक काठोकाठ दगड भरून आमोण्याच्या उतरणीला लागला, तांगो चिरला, गोळा निसटला, आणि बाबली हातात चाक धरून ट्रकसकट मोरीखाली गेला. त्याला बाहेर काढायला दुपार झाली.

कागदावर अपघात म्हणून नोंद झाली. पण बाराव्या दिवशी कृष्णनाथ देवकीच्या दारात आला, पांढरं धोतर नेसून, नारळ घेऊन. भरल्या घरात, सोयऱ्याधायऱ्यांसमोर तिला म्हणाला, "तुज्याच भावान तुजो घात केलो गे. रद्दी तांगो घातलो आणि माका एक शब्द सांगूक नाय. सांगलो असतो तर मी ट्रक रस्त्यार सोडलो असतो काय?" सगुण तिथेच ओसरीवर होता. तो उठून ओरडला, खोटं, खोटं आहे. पण कृष्णनाथ सात ट्रकांचा मालक, सगुण हात काळे असलेला फिटर, आणि चिरलेला तांगो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. देवकीने भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, माज्या उंबऱ्यावयल्यान भायर जा."

त्या दिवसापासून ती पाठ. त्या दिवसापासून सगुणचं देवाशी ते एकच बोलणं.

आणि देवाने ऐकलं. एका सकाळी गॅरेजपुढे एक लांबलचक काळी गाडी येऊन थांबली. थांबण्याआधी ती वाटेत दोनदा गटाराकडे गेली आणि दोनदा परत आली. चाकावर विठ्ठल होता, कृष्णनाथचा ड्रायव्हर, आणि मागच्या सीटवर स्वतः कृष्णनाथ. ही गाडी त्याने पोर्तुगीज राज्यात घेतली होती आणि तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव होता. आता मुलीचं लग्न पेडण्याच्या घराण्यात ठरलं होतं, पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि व्हंकल, म्हणजे नवरी, या गाडीतून जाणार असं त्याने व्याह्यांना आधीच ऐकवलं होतं. इतक्यात स्टिअरिंगने मान टाकली. पणजीच्या फिटरने हात जोडले, म्हापशाच्याने जोडले, बेळगावहून पत्र आलं की असा भाग आता मिळत नाही. उरला सगुण.

"सगुणा," कृष्णनाथ काच खाली करून म्हणाला, "जुन्या झाल्या-गेल्याचा काय धरून बसतंस? ही गाडी तुज्याबगर कोणाक जमाची नाय, ह्या माका ठावक आसा."

सगुणला इतका आनंद झाला की त्याला हातातला पाना खाली ठेवावा लागला. चार वर्षं ज्या मानेवर त्याने मनातल्या मनात हात ठेवला होता, ती मान तीन हातांवर होती, खिडकीतून बाहेर आलेली, घामेजलेली, लाचार. तो हसला. "ठेवा गाडी बाब," म्हणाला. "बघतंय."

गाडी खड्ड्यावर घेऊन त्याने खाली उतरून बघितलं. तेच दुखणं. वाटी झिजलेली, गोळा खुळखुळतोय. देव कधीकधी फारच तपशिलात ऐकतो. गोळ्याच्या टोकाला जो नट असतो तो सुटू नये म्हणून त्यात एक पिन घालतात, दोन पायांची. सगुणने ती पिन काढली, चिमट्यात धरली, आणि बारीक कानस घेऊन तिचे पाय घासायला बसला. घासत घासत ते केसाएवढे केले. वरून पिन चांगली दिसत होती. पेडण्याच्या वाटेवर कुठेतरी, एखाद्या वळणावर, ती तुटली असती आणि नट आपसूक फिरत फिरत खाली आला असता. चार वर्षांत त्याच्या हाताने इतकं सुबक काम केलं नव्हतं.

विठ्ठल बाहेर फळीवर बसून चहात पाव बुडवून खात होता. साधा माणूस. गाडीचं काम चाललं की त्याला बोलायला सुचतं.

"व्हंकलेक मीच घेवन जातलंय, दादा," तो म्हणाला. "बाब म्हणतत, विठ्ठलाबगर कोणाच्या हातीत दिवचंय नाय. मागे व्हंकल आणि तिची आवय, म्होरे बाब. चेडू बरां आसा हां. माज्या घरवालीक आपलां लुगडां दिलान."

सगुणच्या हातातली पिन हातातच राहिली. थोड्या वेळाने त्याने ती गटारात फेकली. दया आली म्हणून फेकली असं कुणी समजू नये. त्या मुलीची आणि विठ्ठलची आली असेल थोडी. पण खरं कारण वेगळंच होतं आणि ते त्याला खड्ड्यात उभ्या उभ्या लख्ख कळलं होतं. मेलेला कृष्णनाथ काय कबूल करणार? त्याच्या प्रेतावर हार पडले असते, खोटं त्याच्याबरोबर जळलं असतं, आणि देवकीने म्हटलं असतं, दादाने दुसरा मारला. सगुणला कृष्णनाथ जिवंत हवा होता. जिवंत, आणि तोंड उघडलेला.

आता ते तोंड उघडायचं कसं? देवापुढे शपथ घे म्हटलं तर त्याने खोटी घेतली असती, देवाला नवीन समई देऊन मोकळा झाला असता. दटावून काही होणार नव्हतं, सात ट्रकांच्या मालकाला फिटर काय दटावणार. पण चार वर्षं एकाच माणसाचा विचार केला की तो माणूस तोंडपाठ होतो. कृष्णनाथचं एक होतं. थांबायला सांगितलेलं त्याला सोसायचं नाही. गवंडी म्हणाला, भिंत आठ दिवस वाळू दे, की हा म्हणायचा, गेल्या खेपेस चार दिवसांत छप्पर चढवलं, काय पडलं? वैद्य म्हणाला, पथ्य महिनाभर, की हा म्हणायचा, मागे आठवड्यातच मासे खाल्ले, काय मेलो? मागच्या वेळी जे निभावलं त्याचा दाखला त्याच्या जिभेच्या टोकावर तयार असायचा, आणि तो दाखला देताना आपण काय बोलतोय याचं त्याला भान राहायचं नाही. म्हणजे सगुणला फार काही करायचं नव्हतं. तेच काम करायचं, आणि तीच वाक्यं पुन्हा म्हणायची. खोटं एक अक्षर बोलायची गरज नव्हती.

"बाबांक सांग," तो विठ्ठलला म्हणाला, "बाजारादिवशी अकरा वाजता येवा. आपणच येवा, माणूस धाडू नकात."

बाजारादिवशी दहालाच सगुणने गाडी ढकलत बाहेर काढली. गॅरेजपुढे जागा असताना ती रस्त्यापलीकडे नेली, पार भाजीवाल्या बायकांच्या रांगेशी, आणि देवकीच्या टोपलीपासून आठ-दहा पावलांवर उभी केली. बॉनेट उघडून ठेवलं. देवकीने मान वळवली नाही, पण पदर सारखा केला. अशी गाडी अशा ठिकाणी उघडी पडल्यावर गर्दी काय बोलवावी लागते? खाणीवरचे ड्रायव्हर जमले, क्लीनर जमले, पाववाला सायकल टेकवून उभा राहिला. अकराला विठ्ठलबरोबर कृष्णनाथ आला, हातात लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन, इथूनच गाडीने वाटायला निघायच्या बेतात. गर्दी बघून तो फुलला. आपली गाडी लोक बघताहेत हे त्याला आवडायचं.

"झाली?" त्याने विचारलं.

"झाली आणि नाय पण झाली," सगुण म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम चढवला नाही. नेहमीसारखा, फिटरचा, रस्त्यावर ऐकू जाईल एवढाच ठेवला. "वाटी गेलली आसा. गनमेटलची नवी कातून देतंय, पण साखळे गावच्या लेथार चार दिस जातले. तोवर तांगो घातलंय."

तांगो म्हटल्याबरोबर मागचे ड्रायव्हर पुढे सरकले. कृष्णनाथच्या कपाळावर एक आठी पडली. सगुणने ती बघितली. ओळखलं की काय याने? पण मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"गाडी रिकामी चलवची," त्याने पहिलं वाक्य टाकलं.

कृष्णनाथने इकडेतिकडे बघितलं, पत्रिकांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "बरां," म्हणाला. आणि गाडीचं दार उघडायला वळला.

चार वर्षं हातातून निसटताना सगुणला दिसली. पण जीभ कामाला आली. "बाब, तुमी आपले कारेरीन जावा पत्रिका वाटूक," तो म्हणाला. "पेडण्याची कारेर नवाक सुटता. व्हंकलेकय कारेरीन धाडल्यात तर काय बिघडाचा नाय. सोयरे काय म्हणतले ता म्हणाने."

ड्रायव्हरांच्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. कारेर म्हणजे कोंबड्या, टोपल्या आणि माणसं एकत्र कोंबून नेणारी मोटार. व्हंकल त्यात. कृष्णनाथच्या मानेची शीर उभी राहिली.

"कारेरीन? माजां चेडू?"

"नायतर चार दिस रवा," सगुण म्हणाला. "तांग्यार भार घालू नकात. मागे चार बायलो बसवू नकात. धा दिस म्हणजे धाच दिस, अकरावो नाय."

"अरे, धा दिस, धा दिस काय लावलंस!" कृष्णनाथ उसळला. पत्रिकांचा गठ्ठा त्याने मडगार्डवर आपटला. "त्या वेळाय तू ह्याच सांगललंस! रिकामी चलवा, भार घालू नकात, धा दिसांनी हाडा! आणि ट्रक बावीस दिस चललो मगे! काठोकाठ भरून चललो! ही तर बारकी गाडी, हेका काय जाता?"

पाववाल्याने घंटीवर ठेवलेला अंगठा तसाच राहिला. कृष्णनाथला अजून कळलं नव्हतं. तो जिंकल्यासारखा उभा होता, कारण दाखला अगदी चोख दिला होता. मग त्याने लोकांच्या तोंडांकडे बघितलं, एकेक करून, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"परत एकदा सांगा बाब," सगुण म्हणाला. आता त्याने आवाज चढवला. "मी काय सांगललंय? मागच्यांका ऐकूक येवक नाय."

"मी... मी दुसऱ्या ट्रकाचा म्हणतंय."

"दुसरो खंयचो? तुमच्या सात ट्रकांतल्या एकाच ट्रकाक मी तांगो घातललंय. तो बाबली चलय होतो. एक शब्द सांगूक नाय म्हणून कोण म्हणाललो बाराव्याक, भरल्या घरात? नारळ घेवन कोण इललो?"

"सगुणा, तोंड सांबाळून बोल."

"चार वर्सां सांबाळलंय!"

कृष्णनाथने मान फिरवली. "विठ्ठल, गाडी चालू कर," म्हणाला. विठ्ठल जागचा हलला नाही. त्याने खिशातून किल्ली काढली, कृष्णनाथच्या पत्रिकांवर नीट ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. बाबलीबरोबर त्याने तीन वर्षं एका ताटात जेवण केलं होतं. बाकीच्या ड्रायव्हरांकडे कृष्णनाथने बघितलं, तर प्रत्येकाला दुसरीकडे काहीतरी बघायचं होतं. एका म्हातारीने त्याच्या बुटाच्या पुढ्यात पचकन थुंकलं आणि पुन्हा आपल्या मिरच्या लावायला लागली.

गाडी स्वतः चालवायची त्याची हिंमत झाली नाही. आत तांगो होता. तो पायी निघाला, भर उन्हात, पत्रिका काखेत मारून, धोतराचा सोगा सावरत. सगुणच्या अंगातून सुख वाहिलं. असं सुख त्याला स्वतःच्या लग्नात झालं नव्हतं. तो गाडीच्या पायरीवर चढला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याच्यामागे ओरडला, "बाब! रिकामे चला! भार घेव नकात! धा दिसांनी परत येवा!"

सगळा बाजार खदखदून हसला. ते हसणं कृष्णनाथच्या पाठीवर पडताना सगुणने बघितलं, आणि तो वळणाआड जाईपर्यंत बघतच राहिला. हे पेडण्यात संध्याकाळपर्यंत पोचणार होतं, पार समुद्राकाठच्या हरमलपर्यंत जाणार होतं. सोयरे आता काय म्हणतील ते म्हणोत. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्या मुलीचंही वाटलं नाही. माणसाने खरं सांगितलं पाहिजे.

तो खाली उतरला तेव्हा देवकी समोर उभी होती. टोपली तशीच टाकून आली होती. चार वर्षांनी त्याने तिचा चेहरा जवळून पाहिला. उन्हाने काळवंडला होता आणि केस कानांवर पांढरे झाले होते. सगुणचे डोळे भरून आले. हात पुसायला त्याला फडकं सापडेना, म्हणून त्याने ते विजारीलाच पुसले.

"ऐकलंस मगे, बाय?" तो म्हणाला. "आपल्याच तोंडान बोललो तो. मी सांगललंय तेका. मी तेवा घसो फोडून सांगी होतंय, तुका खोटां वाटला."

"ऐकलंय," देवकी म्हणाली. "तू तेका सांगललंस."

"तीन गोष्टी सांगललंय. वयल्यान दोनदा निरोप धाडललंय."

"बाबलीक कित्याक सांगूक नाय?"

बाबलीला का नाही सांगितलंस, हा प्रश्न सगुणला आधी कळलाच नाही. डिचोलीतल्या फिटरांची एक रीत होती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली की तिला रीत म्हणतात हेही कुणाच्या डोक्यात येत नसे. गाडीचं दुखणं मालकाच्या कानात सांगायचं. ड्रायव्हरला सांगायचं नाही. ड्रायव्हरला कळलं की तो चाकावर बसायला कुरकुरतो, खेप बुडते, आणि मालक दुसरं काम दुसऱ्या फिटरकडे नेतो. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणायचं, मस्त झालंय, चालव बिनधास्त. प्रत्येक फिटर हेच म्हणायचा.

"त्या बावीस दिसांत गणपतीची चवथ इलली," देवकी सांगत होती. तिचा आवाज अगदी शांत होता. "आमी तुज्याकडे जेवूक इललंव. तुमी दोगय पानार लागीलागी बसललास. तो तुका म्हणालो, दादा, स्टिअरिंग लोण्यासारख्या केलंस. आणि तू तेका आणखी एक नेवरी वाडलंस. माका बरी याद आसा. तेवा तुका ठावक होता."

"बाय, मालकाक सांगतत... ड्रायव्हराक सांगणत नाय. तशी..."

"तो ड्रायव्हर नव्हतो. तुजो भावोजी."

गेली चार वर्षं सगुणच्या मनात कृष्णनाथ इतका गच्च भरला होता की ती चवथ, ते पान, ती करंजीसारखी गोड नेवरी, यांतलं काही आत शिरायला जागाच उरली नव्हती. आता ते सगळं एकदम आत आलं. बाबली बोटं चाटत हसला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"भियालंय," तो शेवटी म्हणाला. "बाबली बसाक नाय म्हणालो असतो. बाब सातय ट्रकांचा काम काडून घेतलो असतो. म्हणून... सांगूक नाय."

देवकीने मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी नव्हे, फक्त ऐकलं म्हणून.

"चार वर्सां मी तुका खुनी म्हटलंय, दादा," ती म्हणाली. "चुकलंय. खुनी माणसाच्या मनात निदान जेका मारूचो तो माणूस आसता. तुज्या मनात बाबली नव्हतोच. तेवाय कृष्णनाथबाब होतो, आणि आजय तोच आसा."

ती परत गेली. टोपलीतली भाजी शेजारच्या म्हातारीच्या टोपलीत ओतली, रिकामी टोपली डोक्यावर पालथी घेतली आणि भर बाजारातून आमोण्याच्या रस्त्याला लागली. सगुण तिच्यामागे दोन पावलं गेला, पण ड्रायव्हरांनी त्याला गाठलं. ते त्याच्या पाठीवर थापा मारत होते. शाबास मिस्त्री, बरी जिरवलीत, म्हणत होते. कुणीतरी त्याच्यासाठी सोड्याची बाटली फोडली आणि त्याच्या हातात दिली.